‘तुमच्या माहितीवर प्रशिक्षित एआय’ विकत घेण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंत्रांच्या देखभालीच्या पुस्तिका, पुरवठादारांचे करार आणि अंतर्गत परिपत्रकं मिळून तुमच्याकडे सुमारे ३०,००० पानं आहेत. काही इंग्रजीत, काही मराठीत, बरीचशी स्कॅन केलेली. एक नवी एआय कंपनी ‘तुमच्या माहितीवर प्रशिक्षित केलेलं तुमचं स्वतःचं मॉडेल’ देते म्हणते, ९५ टक्के अचूकता सांगते आणि दोन वर्षांचा करार मागते. तो करावा, की ओपन मॉडेल (उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवता येणारं) आणून आपणच उभारावं?

कोणतं मॉडेल, हा मुद्दा माझ्या लेखी बराच मागे येतो. त्याआधी दोन गोष्टी सुटायला हव्यात. उत्तर चुकलं तर ते चुकलं हे तुम्हाला कळणार कसं? आणि ही कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिने आतलं मॉडेल बदललं, तर तुमच्या हातात काय उरणार? या दोन्हींची उत्तरं तयार असतील तर कोणाकडूनही घ्या, फारसं बिघडत नाही. ती नसतील तर सगळ्यात चांगलं मॉडेलही उपयोगी पडत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. चुकीच्या उत्तराची किंमत काय? रजेचा नियम चुकीचा सांगणं वेगळं आणि बोल्ट किती आवळायचा हे चुकीचं सांगणं वेगळं. कागद बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ शकतात का? दिवसाला प्रश्न ५० येणार की ५,०००? आणि ही यंत्रणा पुढची दोन वर्षं सांभाळायला तुमच्याकडे एक तरी माणूस आहे का? यावर निर्णय कुठे फिरतो ते पुढे सांगते.

आधी ‘प्रशिक्षित’ या शब्दाचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. मॉडेल मजकूर टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत, मोजतं. इंग्रजी मजकुराचं एक पान साधारण ५०० टोकन धरलं, तर तुमची ३०,००० पानं म्हणजे दीड कोटी टोकन. डीपसीक या चिनी कंपनीने डिसेंबर २०२४मध्ये आणलेलं व्ही३ हे मॉडेल १४.८ लाख कोटी टोकनवर प्रशिक्षित झालं होतं आणि त्याला एनव्हिडियाच्या एच८०० चिपचे सुमारे २७.९ लाख तास लागले होते. तुमचा सगळा साठा त्या मजकुराच्या दहा लाखांश भागाएवढा आहे. म्हणजे तुमच्या कागदांवर कोणी शून्यातून मॉडेल घडवत नाही, आणि घडवू नये. ‘प्रशिक्षित’ म्हणणारी कंपनी प्रत्यक्षात दोनपैकी एक गोष्ट करत असते. पहिली म्हणजे आरएजी. २०२०मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह मांडलेल्या पद्धतीवरून हे नाव आलं. यात प्रश्न आला की तुमच्या कागदांतले संबंधित तुकडे शोधायचे, ते प्रश्नाबरोबर तयार मॉडेलला द्यायचे आणि त्यावरून उत्तर लिहून घ्यायचं. दुसरी म्हणजे फाइन-ट्यूनिंग, बहुतेक वेळा लोरा पद्धतीचं: मूळ मॉडेल गोठवून त्याला लहानसा जोड शिकवायचा.

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. फाइन-ट्यूनिंगने मॉडेलला ढब शिकवता येते: उत्तराचा साचा, तक्रारींचं वर्गीकरण, तुमच्या खात्यातल्या संक्षिप्त संज्ञा. तथ्यं पाठ करून घ्यायला ते भरवशाचं नाही. कलम ७.२ मधला आकडा एकदा बरोबर येईल, दुसऱ्यांदा त्याच्यासारखाच दिसणारा वेगळा आकडा येईल, आणि तो कुठून आला हे दाखवता येणार नाही. तुमच्यासारख्या कामाला आरएजीच लागतं. कंपनी नेमकं काय करते हे तांत्रिक चर्चेत न शिरता काढून घ्यायला मी एकच प्रश्न विचारते: ‘आज एक परिपत्रक बदललं, तर नवं उत्तर किती वेळात दिसेल? आणि एखादा कागद काढून टाकला तर त्यातली माहिती किती वेळात जाईल?’ उत्तर मिनिटांत किंवा तासांत आलं तर आतमध्ये शोध आहे. ‘पुढच्या प्रशिक्षणाच्या वेळी’ असं आलं तर ते तुमच्या कामाचं नाही.

पण तोंडी उत्तरावर थांबू नका. चाचणीच्या काळात एक खोटं परिपत्रक तयार करा, त्यात ओळखू येईल असा वेगळा आकडा घाला, यंत्रणेत टाका आणि घड्याळ लावून विचारत राहा. आकडा दिसला की कागद काढा आणि पुन्हा विचारत राहा. काढलेल्या कागदाचा आकडा दुसऱ्या दिवशीही येत असेल, तर एकतर इंडेक्समधून (शोधासाठी केलेल्या सूचीतून) तुकडे पुसले जात नाहीत किंवा जुनी उत्तरं साठवून तीच परत दिली जातायत. करार संपल्यावर ‘आम्ही तुमचा सगळा डेटा पुसला’ असं ते म्हणतील, त्याची कसोटीही हीच.

आता ९५ टक्के. कशाच्या ९५ टक्के? ४० प्रश्नांपैकी ३८ बरोबर आले तरी ९५ टक्केच होतात, पण इतक्या थोड्या प्रश्नांवर खरी अचूकता ८३ ते ९९ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. २०० प्रश्नांपैकी १९० बरोबर आले तर हा पट्टा साधारण ९१ ते ९७ वर येतो. शिवाय प्रश्न कंपनीने स्वतः निवडले असतील तर आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून स्वतःचा २०० प्रश्नांचा संच करा. या सगळ्या खटाटोपात तुमच्याकडे कायमची राहील अशी सर्वांत मोलाची वस्तू हीच, आणि ती बनवायला एआयची गरज नाही.

माझी वाटणी साधारण अशी असते. ८० प्रश्न सरळ, ज्यांचं उत्तर एकाच जागी सापडतं. ४० प्रश्न असे की दोन कागद जुळवल्याशिवाय उत्तर येत नाही. उदाहरणार्थ, करारातली अट आणि तिच्यात बदल करणारं नंतरचं पत्र. ३० प्रश्न असे की जुनी आणि नवी आवृत्ती वेगळं सांगतात. ३० प्रश्न असे की त्यांचं उत्तर तुमच्या कागदांत नाहीच. आणि २० प्रश्न माणसं खरोखर टाइप करतात तसे: अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, चुकीचं शुद्धलेखन, यंत्राला कामगारांनी ठेवलेलं नाव. कागदात ‘हायड्रॉलिक प्रेस क्र. ३’ असतं आणि माणूस विचारतो ‘मोठ्या प्रेसचं तेल कधी बदलायचं’.

प्रश्न मॉडेलकडून तयार करून घेऊ नका. मॉडेल कागद वाचून प्रश्न काढतं, त्यामुळे प्रश्नात कागदातलेच शब्द येतात आणि शोध फारच सोपा होतो. आज ज्यांना हे प्रश्न विचारले जातात त्या लोकांच्या जुन्या मेलमधून आणि नोंदवहीतून उचला. प्रत्येक प्रश्नासमोर चार गोष्टी लिहा: बरोबर उत्तर, कागदाचं नाव, पान, आवृत्तीची तारीख. एका प्रश्नाला सरासरी १५ मिनिटं धरली तर २०० प्रश्नांना ५० तास लागतात. जाणकार माणसांचे हे तास मिळवणं जड जातं, पण यात काटकसर करू नका. ५० प्रश्न कंपनीला द्या आणि १५० स्वतःजवळ झाकून ठेवा. त्यांनी ५० वर सुधारणा करून दाखवली आणि झाकलेल्या १५० वर गुण तिथेच राहिले, तर सुधारणा त्या ५० पुरतीच होती.

गुण देताना फक्त ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोन रकाने करू नका, चार करा: उत्तर बरोबर आणि संदर्भही बरोबर, उत्तर बरोबर पण दाखवलेलं पान भलतंच, ‘कागदांत सापडलं नाही’, आणि ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर. नुकसान करतो तो चौथा रकाना. देखभालीच्या कामात मला ८५ टक्के बरोबर आणि १ टक्का ठाम चूक देणारी यंत्रणा, ९३ टक्के बरोबर आणि ७ टक्के ठाम चूक देणाऱ्या यंत्रणेपेक्षा कितीतरी जास्त चालते. पहिलीत अडलेला माणूस पुस्तिका उघडतो. दुसरीत त्याला उघडावीशीच वाटत नाही. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारा, कारण तेच मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देईल असं नसतं. तपासणी दुसऱ्या मॉडेलकडून करून घ्यायची असेल तर निदान ५० उत्तरं माणसाने तपासून दोघांचे गुण जुळतात का ते बघा. तपासनीस मॉडेलांचा कल लांब उत्तरांना झुकतं माप देण्याकडे असतो.

यानंतर एक पायरी आहे, ती बहुतेक जण गाळतात. उत्तर चुकलं तर शोध चुकला की मॉडेल चुकलं, हे वेगळं करायला हवं. कंपनीकडून प्रत्येक प्रश्नासाठी मॉडेलला दिलेल्या पहिल्या दहा तुकड्यांची यादी मागा. तुम्ही नोंदवलेलं पान त्या दहांत आहे का, एवढंच मोजा. कागदांत उत्तर नसलेले ३० वगळले तर १७० प्रश्नांना उत्तर अस्तित्वात आहे. त्यांतल्या १२०च्या बाबतीतच पान येत असेल, तर उरलेल्या ५० प्रश्नांवर जगातलं कोणतंही मॉडेल आणून उपयोग नाही, त्याच्यासमोर माहितीच पोचलेली नाही. पान येतंय आणि उत्तर चुकतंय असं असेल तरच मॉडेलकडे किंवा त्याला दिलेल्या सूचनांकडे वळायचं. ही यादी द्यायला कंपनी तयार नसेल तर मी पुढे बोलत नाही.

शोध का चुकतो? बहुतेक वेळा गुन्हेगार पीडीएफ असते. एक उदाहरण अगदी जवळून बघू. समजा पुस्तिकेत बोल्ट आवळण्याचा तक्ता आहे: एम१० ला ४९ न्यूटन-मीटर, एम१२ ला ८५, एम१६ ला २१०. डोळ्यांना रकाने दिसतात. पीडीएफमधून मजकूर काढल्यावर मात्र अनेकदा हाती येतं ते असं: ‘एम१० एम१२ एम१६ ४९ ८५ २१०’. कोणता आकडा कोणाचा, हे नातं गेलं. त्यातच तक्ता दोन पानांवर पसरलेला असेल तर दुसऱ्या पानावर मथळाच नाही, नुसते आकडे. मॉडेल या ढिगाऱ्यातून एक आकडा उचलतं आणि तो सुबक वाक्यात मांडतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे: तक्ते वेगळे ओळखून काढायचे, प्रत्येक ओळ तिच्या मथळ्यासह आणि एककासह स्वतंत्र लिहायची: ‘बोल्ट एम१२, आवळण्याचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर, प्रेस क्र. ३, पुस्तिका आवृत्ती ४’. कंपनीला तुमच्या सगळ्यात वाईट २० तक्त्यांवर हे करून दाखवायला सांगा.

मराठी कागदांचं दुखणं आणखी वेगळं. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची सामाईक अक्षरसंहिता) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवलीत तर रोमन अक्षरांची खिचडी पडते. शोध यंत्रणेला तीच खिचडी दिसत असते. कित्येक युनिकोड पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी सरकते आणि जोडाक्षरं फुटतात, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार साठवते, भाषा नाही. अशा वेळी पानाचं ३०० डीपीआयचं चित्र करून ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं, जास्त बरं पडतं. त्यानंतर ३० पानं काढून त्यांतले फक्त आकडे माणसाने मूळ पानाशी ताडून बघायचे. शब्दातली चूक संदर्भाने भरून निघते. १ चा ९ झाला तर कशानेच भरून निघत नाही.

आणखी दोन बारकावे, जे परभाषिक कंपन्यांच्या ध्यानातच येत नाहीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसायला सारखेच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण यांना एक करत नाही, त्याचा नियम आपल्याला वेगळा लिहावा लागतो. दुसरं म्हणजे अंक. परिपत्रकात देवनागरी आकडे, प्रश्नात रोमन आकडे, आणि परिपत्रक क्रमांकाने शोधल्यावर काहीच सापडत नाही. इंडेक्स करताना आणि प्रश्न येताना, दोन्हीकडे अंक एकाच लिपीत आणायचे. हे दोन नियम लिहायला अर्धा तास लागतो, आणि मराठी कागदांवरचा शोध त्याने लगेच सुधारतो.

तुकडे पाडण्याबद्दल थोडक्यात. ३०० ते ८०० टोकनचा तुकडा, शेजारच्या तुकड्यांत १० ते १५ टक्के मजकूर सामायिक, आणि शक्य तिथे कलमाच्या किंवा मथळ्याच्या हद्दीवर छेद. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कागदाचं नाव, प्रकरण, कलम आणि लागू झाल्याची तारीख हवी. ‘वरील मुदत १५ दिवसांनी वाढवता येईल’ हा तुकडा एकटा पडला तर कशाची मुदत हे कोणालाच कळत नाही. शोध दोन्ही प्रकारचा ठेवा: मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत (वेक्टरमध्ये) बदलून त्यावरून शोधणारा वेक्टर शोध आणि शब्द जसाच्या तसा शोधणारा जुना बीएम२५. नुसता वेक्टर शोध सुट्या भागांच्या क्रमांकांवर गडबडतो, त्याला ‘केएल-४०७२-बी’ आणि ‘केएल-४०२७-बी’ जवळजवळ एकच वाटतात. दोन्हींतून मिळून ५० तुकडे आणायचे, पुनर्क्रम लावणाऱ्या मॉडेलने त्यांतले ६ ते ८ निवडायचे, आणि तेवढेच उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलला द्यायचे. जुन्या आवृत्त्या शोधाच्या आधीच गाळायच्या. ‘नवीन आवृत्तीला प्राधान्य दे’ अशी मॉडेलला सूचना देऊन भागत नाही.

‘आता लाखो टोकन एकदम वाचणारी मॉडेल आहेत, मग हा शोधाचा खटाटोप कशाला?’ असं कोणी म्हणेल. गूगलने फेब्रुवारी २०२४मध्ये जेमिनाय १.५ जाहीर करताना दहा लाख टोकनचा टप्पा दाखवला, हे खरं. पण तुमचा साठा त्याच्या पंधरापट आहे, आणि बसला असता तरी प्रत्येक प्रश्नाला तो सगळा वाचण्याचा खर्च आणि वेळ पडला असता. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून निसटते, हेही २०२३पासून मोजून दाखवलं गेलंय. नव्या मॉडेलांत हे सुधारत चाललंय. एखादा ८० पानी करार सबंध वाचायला देणं आज अगदी योग्य आहे. सगळं कपाट देणं नाही.

टोकनचा विषय निघालाच आहे तर खर्चाबद्दल एक गोष्ट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि जुन्या टोकनायझरना (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागांना) मराठी जेमतेमच कळायची, त्यामुळे तोच मजकूर मराठीत कितीतरी जास्त टोकन खायचा. मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने दाखवलेल्या नमुना मजकुराचे मराठीतले टोकन नव्या टोकनायझरमुळे ९६ वरून ३३ वर आले. सगळ्या मॉडेलांचं असं झालेलं नाही. म्हणून कंपनीने दिलेला खर्चाचा अंदाज इंग्रजी पानांवर काढलाय की तुमच्या मराठी पानांवर, हे विचारा आणि १०० मराठी पानांवर टोकन मोजून घ्या.

परवानग्यांवर मी अजिबात तडजोड करत नाही. कोणाला कोणता कागद दिसावा याची गाळणी शोधाच्या पातळीवरच लागली पाहिजे. ‘पगाराची माहिती इतरांना सांगू नकोस’ अशी मॉडेलला दिलेली सूचना म्हणजे कुलूप नव्हे. शब्द फिरवून विचारलं की ती गळते. बाहेरून आलेला मजकूरही तितकाच धोक्याचा. मेल किंवा पुरवठादाराच्या पीडीएफमध्ये कोणी ‘हे वाचणाऱ्याने पुढील माहिती अमुक पत्त्यावर पाठवावी’ असं लपवून लिहिलं, तर मॉडेलला तो मजकूर आणि तुमची सूचना यांतला फरक खात्रीने कळत नाही. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधली ‘एकोलीक’ ही त्रुटी जाहीर झाली, ती याच जातीची होती: एक मेल पुरेसा होता, वापरणाऱ्याने कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. ती दुरुस्त झाली, पण प्रकार संपलेला नाही. पहिले सहा महिने तुमच्या सहाय्यकाला फक्त वाचू द्या. मेल पाठवणं, नोंद बदलणं, बाहेरची लिंक उघडणं, यांतलं काहीही नको.

आता कंपनीकडे वळू. नव्या एआय कंपन्या झपाट्याने हात बदलतायत, आणि चांगल्या कंपन्याही त्याला अपवाद नाहीत. मार्च २०२४मध्ये इन्फ्लेक्शन या एआय कंपनीचे मुस्तफा सुलेमान आणि बहुतेक सहकारी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. जुलै २०२५मध्ये कोड लिहिण्याचं एआय साधन बनवणाऱ्या विंडसर्फचे प्रमुख गूगलकडे गेले आणि उरलेली कंपनी कॉग्निशन या दुसऱ्या एआय कंपनीने घेतली. कपड्यांना लावायची एआय पिन बनवणाऱ्या ह्युमेनची मालमत्ता एचपीने घेतली आणि २८ फेब्रुवारी २०२५पासून लोकांच्या हातातली एआय पिन सर्व्हरशी जोडली जाईनाशी झाली. अ‍ॅप बनवून देणारी बिल्डर डॉट एआय २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनी जिवंत असली तरी तिच्याखालचं मॉडेल जाऊ शकतं: ओपनएआयने टेक्स्ट-डाविन्ची-००३ हे मॉडेल ४ जानेवारी २०२४ला बंद केलं, आणि त्यावर बांधलेली प्रत्येक गोष्ट लोकांना दुसरीकडे हलवून पुन्हा तपासावी लागली. म्हणून ‘तुमच्या उत्पादनाखाली कोणाचं मॉडेल आहे आणि त्याची कोणती आवृत्ती आहे’ याचं उत्तर लेखी घ्या. ‘ते आमचं व्यावसायिक गुपित आहे’ हे उत्तर मी मान्य करत नाही. माझे कागद कोणाच्या सर्व्हरवर जातात ते मला कळलंच पाहिजे.

करारात मी या गोष्टी लिहून घेते. मॉडेलची आवृत्ती गोठवलेली. बदलायची असेल तर ६० दिवस आधी सूचना आणि तुमच्या २०० प्रश्नांवर पुन्हा चाचणी. तुमच्या मजकुरावर, प्रश्नांवर आणि उत्तरांवर कोणतंही मॉडेल शिकवायचं नाही, आणि हे बंधन त्यांच्या खालच्या पुरवठादारांनाही लागू. केव्हाही मागितल्यास साफ केलेला मजकूर, त्याचे तुकडे, त्यांवरची सगळी माहिती आणि वापराच्या नोंदी साध्या खुल्या स्वरूपात परत मिळणार. सूचनांचा मजकूर आणि मराठीसाठी लिहिलेले नियमही त्यात आले. वेक्टर परत मागण्यात हशील नाही. एका मॉडेलचे वेक्टर दुसऱ्या मॉडेलच्या वेक्टरांशी जुळत नाहीत, मॉडेल बदललं की अख्खा इंडेक्स नव्याने करावा लागतो. ३०,००० पानांचं ते काम तासांचं आहे, घाबरण्यासारखं नाही. साफ केलेला मजकूर हातात नसेल तर मात्र तेच काम महिन्यांचं होतं. मुदत दोन वर्षांची नको. तीन महिने चाचणी, मग एक वर्ष, आणि झाकलेल्या १५० प्रश्नांवर ठरलेल्या पातळीखाली गुण गेले तर बाहेर पडण्याची मुभा.

स्वतः उभारण्याबद्दल. मॉडेल मिळण्याची अडचण आता राहिलेली नाही. मिस्त्राल ७बी सप्टेंबर २०२३पासून अपाची २.० या खुल्या परवान्यावर आहे, डीपसीक आर१ जानेवारी २०२५मध्ये एमआयटी या खुल्या परवान्यावर आलं, ओपनएआयनेही ऑगस्ट २०२५मध्ये जीपीटी-ओएसएस अपाची २.० वर दिलं आणि त्यातलं लहान मॉडेल १६ जीबी मेमरीत चालतं. मेटाच्या लामाचा परवाना वेगळा आणि त्याच्या स्वतःच्या अटींचा आहे, तो वाचूनच वापरा. मेमरीचा हिशेब सोपा: १६ बिटमध्ये प्रत्येक पॅरामीटरला (मॉडेलने शिकलेल्या प्रत्येक आकड्याला) २ बाइट, म्हणजे ८०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलला १६ जीबी आणि ७,००० कोटीच्या मॉडेलला १४० जीबी. ४ बिटवर आणलं तर ते साधारण ५ आणि ४० जीबी होतं. इथवर सगळे हिशेब करतात, आणि मग पाच जणांनी एकदम प्रश्न विचारला की यंत्रणा कोलमडते, कारण संभाषणाची मेमरी (चालू प्रश्नोत्तराचा मजकूर लक्षात ठेवायला लागणारी जागा) धरलेली नसते. लामा ३ च्या ८०० कोटीच्या मॉडेलला १६ बिटमध्ये प्रत्येक टोकनमागे १२८ केबी जागा लागते. म्हणजे ८,००० टोकनच्या एका प्रश्नाला साधारण १ जीबी, आणि एकाच वेळी दहा जण असतील तर मॉडेल वगळून आणखी १० जीबी. मराठी कागदांसाठी लहान मॉडेल निवडण्याआधी त्यालाही तेच २०० प्रश्न घाला. इंग्रजीत तोडीस तोड वाटणारी लहान मॉडेल मराठीत बरीच घसरतात.

मग निर्णय कुठे फिरतो? कागद बाहेर जाऊच शकत नसतील तर प्रश्न मिटला, स्वतः उभारा, आणि त्यासाठी कायमचा एक माणूस नेमा. कागद जाऊ शकतात आणि दिवसाला काहीशेच प्रश्न आहेत, तर स्वतःची चिप घेण्यात अर्थ नाही. ती बहुतेक वेळ रिकामी बसेल. अशा वेळी मी मधली वाट धरते: मजकूर साफ करणं, तुकडे, इंडेक्स आणि प्रश्नसंच आपल्याकडे, उत्तर लिहिणारं मॉडेल एपीआयने, म्हणजे इंटरनेटवरून जोडून, भाड्याने. मॉडेल बदलणं मग एका दुपारचं काम उरतं. आणि तुमच्याकडे तेवढंही करणारं कोणी नसेल तर कंपनीकडून जरूर घ्या, वरच्या अटींवर.

बोल्ट, विद्युतदाब, रसायनांचं प्रमाण अशा आकड्यांसाठी मी मॉडेलला आकडा लिहूच देत नाही, मार्ग कोणताही निवडा. अशा प्रश्नाला उत्तर म्हणून पुस्तिकेतल्या त्या ओळीचं मूळ चित्र आणि पानाची लिंक दाखवायची, आणि सही करणाऱ्याने तेच वाचायचं.

कंपनीला होकार-नकार कळवण्याआधी या आठवड्यात एवढं करा. सगळ्या साठ्यातून डोळे मिटून ३० पीडीएफ उचला आणि प्रत्येकीतली एक ओळ आणि एक तक्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. किती नीट आल्या ते मोजा. दहाहून जास्त बिघडल्या असतील तर करारात मजकूर साफ करण्याचं काम वेगळं लिहून घ्या, त्याची मुदत आणि तपासणी वेगळी ठेवा, आणि ते पार पडल्याशिवाय मॉडेलच्या गुणांची चर्चा सुरू करू नका. ती मोजदाद इथे टाकलीत तर कोणत्या प्रकारच्या पानांना ओसीआर लागेल आणि कोणत्या तक्त्यांना हाताने काम करावं लागेल, हे मी सांगू शकेन.